मंत्रचळ पाण्याने जात नाही



वस्तीत नळाला सकाळी तास-दीड तास पाणी येते. तेवढ्यात पिण्याचे, भांड्यांचे, धुण्याचे सगळे भरून घ्यावे लागते. अशा घरात एखादी सून नुसते हात धुवायला दोन बादल्या संपवू लागली की रोजचे भांडण ठरलेले. कुणी म्हणते, नाटक करते. कुणी म्हणते, कामचुकार आहे. महिना-दोन महिन्यांनी शेजारची एखादी मावशी हळूच सुचवते, "बाहेरचं काही आहे का बघा." आणि ज्या घराच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत, त्या घरातून लिंबू-अंगाऱ्याच्या खेपा सुरू होतात.

मधुमेह, रक्तदाब, टीबी यांविषयी आपण आता मोकळेपणाने बोलतो. मनाच्या आजाराचा विषय निघाला की मात्र घराचे दार लोटले जाते. म्हणून या वेळी आम्ही अशा एका आजाराविषयी लिहीत आहोत, जो लपवला जातो, ज्याची थट्टा होते आणि ज्यावर घरातल्या घरात पुष्कळ काही करता येते. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला जुना शब्द आहे, मंत्रचळ.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. मंत्रचळ हा आजार आहे. पाप, बाधा किंवा खोड नाही. त्यावरचा एक मुख्य इलाज म्हणजे सराव, आणि तो रोग्याने स्वतः, आपल्या घरात, रोज करायचा असतो. पण "तुझे तू कर" याचा अर्थ "एकट्याने निस्तर" असा घेतला, तर तो सराव टिकत नाही. यात मोठा वाटा घरच्यांचा आहे, आणि थोडा वाटा विहाराचाही आहे.

आजार ओळखायचा कसा?

मंत्रचळाला दोन बाजू असतात. पहिली विचाराची. नको असलेला विचार, शंका किंवा चित्र मनात घुसते आणि निघता निघत नाही. हाताला घाण लागली असेल. सिलिंडर चालू राहिला असेल. माझ्या हातून लेकराला काही होईल. दुसरी बाजू कृतीची. त्या विचाराने उठलेली भीती शमवण्यासाठी माणूस काहीतरी करतो. पुन्हा धुतो, पुन्हा बघतो, मोजतो, वस्तू सरळ रेषेत लावतो, घरच्यांना तेच तेच विचारतो, मनातल्या मनात पुटपुटतो. आपण करतोय ते जास्तीचे आहे हे बहुतेकांना कळत असते. कळूनही थांबवता येत नाही, हीच त्यातली यातना आहे.

दार लावले की नाही हे एकदा वळून बघणे म्हणजे मंत्रचळ नव्हे. ते सगळेच करतात. दिवसाचा तासाहून अधिक वेळ यात जाऊ लागला, कामावर लेटमार्क पडू लागले, अभ्यास अडला, घरात तंटे होऊ लागले, तर मात्र डॉक्टरांना विचारायची वेळ आली असे समजावे. शाळेतल्या मुलात तो वेगळ्या रूपात दिसतो. मुलगा तीच ओळ दहा वेळा वाचतो, लिहिलेले खोडून पुन्हा लिहितो, वहीची पाने फाडतो, पेपर अर्धवट सोडून येतो. आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही. खरे तर त्याचे लक्ष त्या एका ओळीला खिळून बसलेले असते. हा आजार बहुधा पोरवयात किंवा विशीच्या आसपास सुरू होतो. म्हणजे दहावी-बारावी, कॉलेज, भरतीची तयारी, नेमकी हीच वर्षे तो खातो. शिक्षणाच्या जोरावर मान वर केलेल्या समाजाला हे परवडणारे नाही.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत हजार प्रौढांमागे साधारण आठ जणांना हा आजार आढळला. या हिशेबाने तीन हजार प्रौढांच्या वस्तीत असे वीस-पंचवीस लोक असणार. आपल्याला ते दिसत नाहीत, कारण ते लपून धुतात आणि लपून मोजतात.

विटाळ, स्वच्छता आणि आजार

शुद्ध-अशुद्ध या शब्दांनी आपल्या समाजाला किती छळले, ते सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी १०८ घागरी घेऊन, शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी, मंत्र म्हणत ते तळे 'शुद्ध' करून घेतले.

ही आठवण काढायला कारण आहे. त्या शुद्धीमागे आजार नव्हता, जातीचा माज होता. ती करणाऱ्यांची झोप उडाली नाही, अपमान दुसऱ्याचा झाला. मंत्रचळाचा रोगी कुणाला हलके लेखत नसतो, तो स्वतःच्या भीतीत जळत असतो. दोघांना एका मापाने मोजू नये. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. जी घाण मुळात नाहीच, ती कितीही पाण्याने निघत नाही. म्हणून धुणे कधी संपतच नाही.

याची दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षी डिसेंबरात, महाडलाच, बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले. आपल्या आज्यांनी ते मनावर घेतले. लुगड्याची ठेवण बदलली, घासलेल्या भांड्यांची मांडणी घराघरांत चमकू लागली. आपल्या घरातली टापटीप हा आपला स्वाभिमान आहे. अडचण अशी की मंत्रचळ या स्वाभिमानाच्या पदराआड दडतो. "आमची मुलगी फार स्वच्छ" असे कौतुक वर्षानुवर्षे चालते आणि आजार आत मुरत जातो. ओळखायची खूण सोपी आहे. स्वच्छता झाली की समाधान वाटते आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. मंत्रचळात समाधान येत नाही, फक्त घटकाभर भीती थांबते.

आणखी एक दुखरी गोष्ट बोलायला हवी. आपले कितीतरी बांधव पालिकेत सफाईचे काम करतात. घरातल्या मुलाला किंवा मुलीला मंत्रचळ असेल, तर काम करून आलेल्या बापाला ते दारातच थांबवते, दोन-तीनदा आंघोळ करायला लावते, त्याच्या हातचा घास नाकारते. ज्या बापाने आयुष्यभर बाहेर विटाळ सोसला, त्याला तोच आपल्या घरात भेटतो. त्या बापाला आमचे सांगणे आहे: दादा, हे तुमच्या कामाविषयीचे मत नाही, हा आजार बोलतो आहे. मनाला लावून घेऊ नका, पण आजाराचे ऐकूही नका. कामावरून आल्यावर साबणाने एकदा आंघोळ करा. तेवढी पुरेशी आहे. दुसरी आंघोळ तुम्हाला स्वच्छ करत नाही, ती फक्त लेकराच्या आजाराला खाऊ घालते.

आराम म्हणजे सावकाराचे कर्ज

हे असे का होते, ते समजले की इलाज आपोआप कळतो.

विचार आला, भीती उठली, हात धुतले, भीती थांबली. मेंदू यातून एकच धडा घेतो: धुतले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती अधिक जोराने येते आणि धुणे अधिक वेळ लागते. सावकाराचे कर्ज असेच असते. पैसा हातात पडला की त्या दिवशी जीव भांड्यात पडतो, पण व्याज चढत राहते आणि ते फेडायला पुन्हा त्याच दारात जावे लागते. धुणे, तपासणे, मोजणे, "बंद केलं ना?" असे विचारणे, हे सारे त्या कर्जाचे हप्ते आहेत. एक चुकवला की दमछाक होते. पण चुकवल्याशिवाय कर्ज तुटत नाही.

१९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी हाच मार्ग रोग्यांबरोबर वापरून पाहिला. ज्याची भीती वाटते त्याला हळूहळू सामोरे जायचे आणि नंतरची ती कृती करायची नाही. त्या काळी या आजारावर फारसे काही चालत नाही असे समजत. पुढे जगभर हाच सराव तपासला गेला, आणि आजही औषधांच्या बरोबरीने याच उपचाराचे नाव घेतले जाते. यात महागडे यंत्र नाही. वही, धीर आणि सोबत लागते.

घरी करायचा सराव

पहिले काम नोंदीचे. आठवडाभर एका वहीत लिहा: कोणता विचार आला, त्यानंतर काय केले, किती वेळा केले. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलाकडून रेघा मारून घ्या. आपण दिवसाला चाळीस वेळा हात धुतो हे कागदावर दिसले, की लढाई कुठे आहे ते कळते.

दुसरे काम शिडी बनवण्याचे. ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते त्या लिहा आणि प्रत्येकीला दहापैकी गुण द्या. समजा घाणीची भीती आहे. घरच्या दाराच्या कडीला हात लावून न धुणे, तीन गुण. बाजारातून आलेल्या पिशवीला हात लावणे, चार. चुरगळलेली दहाची नोट हातात धरून बसणे, सहा. सार्वजनिक शौचालयाबाहेरच्या भिंतीला टेकून उभे राहणे आणि घरी येऊन कपडे न बदलणे, आठ. ही फक्त उदाहरणे आहेत. प्रत्येकाची शिडी वेगळी असते.

तिसरे काम खालच्या पायरीपासून चढण्याचे. तीन गुणांची गोष्ट घ्या. कडीला हात लावा आणि धुऊ नका. पदराला पुसू नका, मनात काही म्हणू नका, कुणाला काही विचारू नका. भीती वर येईल, छातीत धडधडेल. येऊ द्या. तिथून पळू नका आणि तिच्याशी भांडूही नका. बसून राहा किंवा भाजी निवडायला घ्या. समुद्राच्या भरतीसारखी ती चढते आणि न धुताही उतरू लागते. कधी पंधरा मिनिटे लागतील, कधी तास लागेल, एखाद्या दिवशी पुरती उतरणारही नाही. तरी काम झाले, कारण "भीती असूनही मी तग धरू शकते" हा नवा धडा मेंदूला मिळाला. तीच पायरी रोज करा. तिचा जोर निम्म्यावर आला की पुढची घ्या.

एकदम थांबवणे जमत नसेल तर कृती लांबवा. आज धुण्याआधी पाच मिनिटे थांबा, उद्या दहा. वीस वेळा धुणाऱ्याने पंधरावर यावे, मग दहावर. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो. मध्ये एखादा आठवडा सगळे घसरते, सणावाराला किंवा पाहुणे आले की जुने सुरू होते. त्याने केलेले वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरून पुन्हा चढायचे.

आता वस्तीतल्या बहिणी विचारतील, इथे खरोखरच घाण आहे, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. गटार उघडे आहे, संडास पन्नास घरांना एक आहे. म्हणून नियम असा ठेवावा: घरातले निरोगी माणूस जेवढे धुते, तेवढे. शौचाहून आल्यावर, लेकराचे काढल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी, साबण लावून वीस सेकंद, एकदा. त्याहून कमी नको, त्याहून जास्त नको. सरावाच्या नावाखाली गटारात हात घालायचा नाही आणि गॅस उघडा सोडायचा नाही. आपण भीतीला सामोरे जातो, धोक्याला नव्हे.

गॅस आणि कुलुपाची शंका असणाऱ्यांसाठी: रेग्युलेटर बंद करा, एकदा बघा, वळा आणि निघा. मोबाईलवर बंद गॅसचा फोटो काढून ठेवणे हीसुद्धा तपासणीच आहे. तो पुन्हा पुन्हा उघडून बघितला जातो. काढू नका.

नको ते विचार

काही जणांचा मंत्रचळ बाहेरून दिसतच नाही. सगळे मनात चालते. नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीच्या मनात येते, सुरी हातात आहे, बाळाला लागेल. वंदनेला बसलेल्याच्या मनात तथागतांविषयी, बाबासाहेबांविषयी घाणेरडा शब्द येतो. कुणाच्या मनात नात्यातल्या माणसाविषयी लाजिरवाणे चित्र येते. असा माणूस कुणाला सांगत नाही. तो स्वतःला राक्षस समजतो.

१९७८ मध्ये रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या दोघांनी निरोगी माणसांना त्यांच्या मनात येणाऱ्या नकोशा विचारांविषयी विचारले. डी सिल्व्हा हे श्रीलंकेचे, पुढे लंडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ. असे दिसले की बहुतेक धडधाकट माणसांच्या मनातही याच जातीचे विचार येतात. ते त्यांना महत्त्व देत नाहीत आणि विचार निघून जातो. रोगी त्याला महत्त्व देतो, घाबरतो, झटकू पाहतो, आणि तो चिकटतो. धम्मात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत मानले आहे. ज्या विचाराने तुम्ही शहारता, तो तुमचा हेतू कसा असेल? मागच्या जन्मीचे पाप भोगतोय, असेही कुणी म्हणू नये. गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट नाकारली आहे.

मज्झिम निकायातल्या विसाव्या सुत्ताचे नाव वितक्कसण्ठान. ध्यानात अडथळा आणणाऱ्या विचारांचे काय करावे, याचे पाच मार्ग त्यात सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे त्या विचाराकडे लक्षच न देणे. दात-ओठ खाऊन विचार दडपणे हा त्यात सर्वांत शेवटचा मार्ग आहे. ते सुत्त साधना करणाऱ्या भिक्खूंसाठी होते, रोग्यांसाठी नव्हे, त्यामुळे त्याला औषधाची चिठ्ठी समजू नये. पण दडपण्याचा क्रम शेवटी का, हे आज अनुभवाने कळते. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी लोकांना सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. लोकांच्या मनात अस्वल येतच राहिले. तुम्हीही मिनिटभर करून पाहा.

म्हणून असा विचार आला की त्याला म्हणावे, "आलास? बस तिकडे. मला पोळ्या करायच्यात." त्याला हाकलायचे नाही, त्याचा अर्थ लावायचा नाही, आणि त्यावर उतारा म्हणून काही म्हणायचेही नाही. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. वाईट विचार आला म्हणून त्रिशरण-पंचशील एकवीस वेळा, आणि उच्चार चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, असे जिथे सुरू होते तिथे वंदनाही आजाराच्या ताब्यात गेलेली असते. आमचे मत स्पष्ट आहे. वंदना एकदाच म्हणा. शब्द अडखळला तरी पुढे जा. उच्चार अडखळल्याने शील मोडत नाही.

घरच्यांनी काय करायचे?

सर्वांत मोठी मदत आणि सर्वांत मोठे नुकसान, दोन्ही घरचेच करतात. बायको विचारते, "अहो, गॅस बंद केला ना?" नवरा म्हणतो, "केला." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. विसाव्यांदा तो ओरडतो. प्रेमाने दिलेली एकोणीस उत्तरे आणि रागाचा एक शब्द, दोन्हींनी आजारच वाढतो. उत्तर मिळाले की घटकाभर आराम मिळतो, म्हणजे हप्ता भरला जातो.

मग काय करावे? घरात शांत वेळ बघून आधी बोलणी करा. एक दिवस अचानक उत्तर द्यायचे बंद करू नका. दोघांनी मिळून ठरवा: या आठवड्यात एका दिवसात पाचदा उत्तर देईन, पुढच्या आठवड्यात दोनदा, नंतर एकदाही नाही. मग प्रश्न आला की आवाज न चढवता म्हणा, "हा प्रश्न आजाराचा आहे. आपलं ठरलंय ना? चल, चहा टाक, दोघं पिऊ." तिच्या वाट्याचे धुणे तुम्ही करू नका, तिच्यासाठी तुम्ही कुलूप पाहून येऊ नका. पण तिला एकटे टाकूनही जाऊ नका. भीती उतरेपर्यंत शेजारी बसा.

नळ बंद करणे, साबण लपवणे, मारणे, चारचौघांत नक्कल करणे, माहेरी पाठवण्याची धमकी देणे, हे इलाज नव्हेत. सासूबाईंनो, तुमच्या हातात घराची लय असते. तुम्ही एकदा म्हणालात, "पोरी, हा आजार आहे, आपण बरं करू," की घराचे अर्धे भांडण तिथेच मिटते.

आणि प्रगती बघा. बादलीभर पाणी वाचले, पोराने पेपर पूर्ण लिहिला, बापाच्या हातचा घास खाल्ला, की तोंड भरून सांगा. कौतुक कशाचे, तर धीराचे.

स्वयंदीप म्हणजे एकटा दीप नव्हे

स्वतःच स्वतःचा दिवा व्हा, ही तथागतांची शिकवण आपल्या तोंडी असते. तिचा उपयोग आजारी माणसाला "डॉक्टर कशाला, मन घट्ट कर" असे सांगण्यासाठी होऊ नये. ज्या तथागतांनी ती दिली त्यांनीच संघही उभा केला. आजार सौम्य असेल तर वर सांगितलेला सराव घरी करून पाहावा. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने २००५ च्या मार्गदर्शनात सौम्य आजाराला सुरुवातीला असाच, तज्ज्ञाच्या थोड्या मदतीने केलेला सराव सुचवला आहे. पण महिना-दीड महिना करूनही फरक नसेल, दिवसाचे अनेक तास जात असतील, खाणे-झोपणे सुटले असेल, तर थांबू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन अशी औषधे या आजारावर चालतात. त्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत.

जीव द्यावासा वाटत असेल, बाळंतिणीला आवाज ऐकू येत असतील, तिची झोप पूर्ण उडाली असेल किंवा मनात येणारे भयंकर विचार तिला खरे, योग्य वाटू लागले असतील, तर तो घरच्या सरावाचा विषय नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि तोवर त्यांना एकटे सोडू नका.

खर्चाची धास्ती असते. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, छत्रपती संभाजीनगरात घाटी, या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयातही विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. 'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो, दिवसा-रात्री कधीही, आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळणे हा आपला हक्क केला आहे. हक्क हा शब्द आपल्याला नवा नाही. तो दवाखान्याच्या खिडकीवरही वापरायला शिकू या.

हल्ली कुणी सुचवते, दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करा, सगळे सुटेल. विपश्यनेविषयी आम्हाला आदर आहे. पण शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार आणि औषधे यांची विचारणा असते, ती उगाच नाही. आजार लपवून, औषधे थांबवून कुणाला शिबिरात पाठवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

विहाराकडून एवढे व्हावे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण जे सोडले, ते आजारपणात मागच्या दाराने घरात येऊ द्यायचे नाही, ही जबाबदारी एकट्या रोग्याची नाही. महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास मनाच्या आरोग्यासाठी ठेवावा. जवळच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला वर्षातून दोनदा बोलवावे. १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा. महिला मंडळातल्या दोन-तीन भगिनींनी आशाताईंबरोबर बसून हा सराव समजून घ्यावा, म्हणजे ज्या घरात बोलायला कुणी नाही तिथे एक माणूस जाऊन बसू शकेल. जे बरे झाले आहेत, त्यांची इच्छा असेल तर त्यांनी चार शब्द सांगावेत. नसेल, तर त्यांचे नाव कुणी घेऊ नये.

वस्तीत एकाच्या घरचे पाणी संपले तर शेजारी हंडाभर देतो. भीती संपत नसेल तर शेजारी बसून सोबत द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. तेवढी सोबत मिळाली, तर आज नळाखाली उभी असलेली ती सून उद्या एकदाच हात धुऊन पोळ्या लाटायला बसू शकेल.

नमो बुद्धाय! जयभीम!